ओल्या चुन्यावरचं पाऊल

लोगन, युटा
१२ ऑक्टोबर १८८५

तीर्थरूप फिलिंडाताईस,
धाकट्या लोव्हिनाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. हल्दाच्या दोन्ही मुलांना गोवर निघाला होता, तो आता उतरला. हल्दा म्हणजे ह्यांची दुसरी बायको. तिचं नाव लिहिलं की पुढच्या पत्रात तू तिच्याविषयी चकार शब्द काढत नाहीस, म्हणून पुन्हा सांगते. ती समोरच्याच घरात राहते. दोन बायकांच्या नवऱ्यांना धरायला सरकारी शिपाई आमच्या खोऱ्यातही फिरायला लागलेत, त्यामुळे हे कधी घरी असतात, कधी डोंगराकडच्या कुणाच्या गोठ्यात. ह्यांच्यासारख्या बिशपाने गोठ्यात झोपायचं आणि चोरांनी गावात हिंडायचं, असे दिवस आलेत.

पण आज लिहायचं कारण आनंदाचं आहे. गेल्या आठवड्याच्या मोठ्या सभेत बाबांची साक्ष वाचली गेली. हे जाऊ शकत नव्हते, म्हणून ह्यांनी लिहून दिलेलं दुसऱ्याने वाचलं. तो म्हणाला, की हा अल्फियस पेनिमन, कर्टलंडच्या आपल्या पहिल्या मंदिराला गिलावा करणारा. छत्तीस सालच्या वसंतात भर दुपारी त्याने व्यासपीठापाशी पांढऱ्या वस्त्रातला देवदूत पाहिला. पायरीवरचा चुना त्याने नुकताच लावलेला, ओला होता. देवदूत त्याच्यावरून चालत गेला आणि पाऊल उमटलं नाही. पुढे हा माणूस पुढाऱ्यांशी भांडला, मंडळीने त्याला वाळीत टाकलं, बायको आणि एक मुलगी त्याला सोडून आपल्याबरोबर आली, तरी त्याने आजवर शब्द फिरवलेला नाही. हे सगळं खोटं आहे म्हणाला असता तर त्याला आपला सूड घेता आला असता. तरी तो पाहिलं म्हणतो, तर पाहिलंच असणार.

ताई, सगळी सभा रडली. मी तर किती अभिमानाने बसले होते.

आता काम सांगते. तुमच्याकडच्या कुठल्याशा वर्तमानपत्रात आलंय म्हणे, की म्हातारा पेनिमन सगळं नाकारून बसला. सगळा देश आम्हा मॉर्मन लोकांवर उठलेला असताना हे फार वाईट दिसतं. तर बाबांचं म्हणणं पुन्हा एकदा कोर्टाच्या कारकुनापुढे लिहून घे, आणि ते खरं बोलणारे आहेत असं चार शेजाऱ्यांकडूनही लिहून घे. ह्यांना ते छापायचं आहे. बाबांचे डोळे कसे आहेत?

तुझ्या लोभाला पात्र राहायची खटपट करणारी,
लोव्हिना


नॉवू, इलिनॉय
९ नोव्हेंबर १८८५

चि. सौ. लोव्हिना हिस,
फिलिंडाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाबांच्या नावाने तुमची सभा रडली हे वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. इतकी माणसं रडली, त्यातल्या एकानेही इतक्या वर्षांत त्यांना साधे लोकरीचे मोजे पाठवलेले मला आठवत नाहीत.

डोळ्यांचं विचारलंस. दोन्हीत मोतीबिंदू आहे. उजेड आणि अंधार कळतो, माणूस आवाजावरून कळतं. तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. सकाळी मक्याची लापशी, दुपारी आंबवलेला कोबी आणि बटाटा. माझा नवरा योआखिम गेल्यापासून द्राक्षमळा मी निम्म्याने दिला आहे, पण दारू अजून आमच्याच तळघरात मुरते. तळघराच्या भिंतीला तुमच्या मंडळीच्या नॉवूतल्या जळक्या मंदिराचे दगड आहेत, हे तुला ठाऊक आहेच. बाबा तिथे उन्हाळ्यात खुर्ची टाकून बसतात आणि दगड चाचपून कुणी घडवला ते सांगतात.

तुझं काम झालं. कारकुनापुढे सही केली. शेजारच्या जर्मनांनीही लिहून दिलं की म्हातारा कधी खोटं बोललेला आम्हाला माहीत नाही. ते सगळे कॅथलिक, त्यांना ना तुमचं सोयर ना सुतक. वर्तमानपत्रातली बातमी आमच्या मेथडिस्ट पाद्रीबुवांची. ते सप्टेंबरात येऊन बसले होते. त्यांनी विचारलं, इतक्या वर्षांनी विचार करता तो भास नव्हता कशावरून? बाबा म्हणाले, तुमच्या घराला गिलावा मी केला, त्यात कुठे भास सापडला का? पाद्रीबुवा कॉफी न घेता गेले आणि मनाला येईल ते छापून मोकळे झाले.

त्याआधी तुमचा एक एल्डर, फिरता प्रचारक, येऊन गेला होता. त्याने विचारलं, देवदूत पाहिला म्हणता, मग मंडळी का सोडलीत? बाबा म्हणाले, की त्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने मला काहीच सांगितलं नाही. अमक्याच्या मागे जा म्हणाला नाही, आणि शेजाऱ्याच्या लेकीशी दुसरं लग्न लाव असंही म्हणाला नाही. तुमच्या एल्डरने पहिलं वाक्य वहीत टिपलं आणि दुसऱ्याच्या वेळी शाई वाळत घातली.

माझं मत तुला ठाऊक आहे. त्या आठवड्यात सगळ्यांनी उपास धरले होते, आणि उपाशी पोटी माणूस काय वाटेल ते बघतो. मी त्या पांढऱ्या माणसावर विश्वास ठेवत नाही. पण बाबा खोटं बोलत नाहीत, याबद्दल मला तुमच्या सबंध सभेपेक्षा जास्त खात्री आहे, कारण त्या खरेपणापायी घरात काय काय झालं ते मी पाहिलं आहे.

आता बाबा सांगतात ते जसंच्या तसं उतरवते.

लोव्हिनाबाळ, मी आता फार दिवसांचा नाही. फिलिंडा माझं सगळं करते, तक्रार नाही, फक्त कॉफी पातळ देते. (डॉक्टरने सांगितली आहे. फि.) मला तुझ्याकडे यायचं आहे. तुझ्या नवऱ्याला सांग, मंडळीत परत घ्या म्हणतो. पुढाऱ्यांचं तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही, पण भांडायला आता तोंडात दात राहिले नाहीत. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल, तो घेईन. पाणी गार असलं तरी चालेल. (चालणार नाही. छातीत कफ आहे. फि.) तुझ्या आईच्या शेजारी जागा असेल तर तिथे पुरा, नसेल तर कुंपणापाशी पुरा. ती मला सोडून पश्चिमेला निघाली त्या फेब्रुवारीत नदी गोठली होती. गाडी बर्फावरून गेली. तू मागच्या फळीवर बसून हात हलवत होतीस आणि मी काठावर उभा होतो. रागात होतो, मी हात हलवला नाही. ते मला अजून वाईट वाटतं.

एवढंच. शेवटचं ऐकून मी लेखणी जरा खाली ठेवली होती. लोव्हिना, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते, आणि हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं.

आता नदी गोठेल, म्हणून एप्रिलात बोट सुरू झाली की निघू. पलीकडे आगगाडी आहेच, मी सोबत येईन आणि त्यांना पोचवून परत फिरेन. तुमच्या घरात मला राहायला नको, भिऊ नकोस. तू फक्त दोन ओळी लिही, की या.

साठवलेला लोभ खर्च करायची वेळ आली आहे,
फिलिंडा


लोगन
४ जानेवारी १८८६

तीर्थरूप ताईस,
लोव्हिनाचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. बर्फ फार आहे. गाय आटली आहे. आमोनचा, माझ्या धाकट्याचा, साखरपुडा ठरतो आहे. खालच्या खोलीचं छत गळतं, तिथे म्हातारं माणूस ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. शिपाई आले की घरातले सगळे इकडेतिकडे पांगतात, त्यात बाबांना दिसत नाही.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पुष्कळ विचार केला, वरच्यांनाही विचारलं. त्यांनी बाबांच्या नावे वेगळं पत्र लिहिलं आहे, ते सोबत आहे. सावकाश वाचून दाखव. ह्यांचं लिहिणं जरा सभेतल्यासारखं असतं, मन वाईट नाही.

बाबांना कफावर गूळ आणि आलं देत जा.

अंतर देऊ नये,
लोव्हिना


लोगन
४ जानेवारी १८८६

श्रीयुत अल्फियस पेनिमन यांचे सेवेशी,
जावई लायमन थर्बर याचे कृतानेक नमस्कार.

आपली परत येण्याची इच्छा समजली. मंडळीचं दार कुणालाही बंद नाही. तथापि काही गोष्टी मोकळेपणाने मांडणं माझं कर्तव्य आहे.

आपल्यासारखे त्या काळचे साक्षी आता बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यातले जे आमच्यात राहिले त्यांच्या शब्दाला बाहेरचं जग किंमत देत नाही. हे त्यांचंच मीठ खातात, दुसरं काय बोलणार, असं म्हणतात. आपलं तसं नाही. आपण दुखावून गेलात, आपल्याला आमच्याकडून काही मिळालं नाही आणि मिळायचंही नाही, तरी आपण पाहिलं म्हणता. आपल्या शब्दाचं सारं वजन यात आहे, की आपण बाहेर आहात. उद्या आपण माझ्या घरी येऊन राहिलात तर लोक म्हणतील, म्हातारा भाकरीसाठी लेकीकडे गेला आणि भाकरीसाठी बोलतो. इतक्या वर्षांची साक्ष एका दिवसात फुकट जाईल. देवाने आपल्याला जिथे ठेवलं आहे तिथे राहूनच आपण त्याची जास्त सेवा करता, असं वरिष्ठांचंही मत पडलं.

दुसरं, आपल्या पत्नीच्या शेजारच्या जागेविषयी. आपण मंडळीबाहेर असल्याने पुनरुत्थानाच्या दिवशी त्यांना हात धरून उठवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून छप्पन्न साली वरिष्ठांच्या सल्ल्याने त्यांची परलोकासाठीची लग्नगाठ एल्डर कॉब यांच्याशी बांधण्यात आली. ती शेजारची जागा कॉब कुटुंबाची आहे. लोव्हिनाने आपल्याला हे कळवलं नव्हतं, तिचा हेतू चांगला होता.

नवं प्रतिज्ञापत्र उत्तम झालं आहे. शेजारी कॅथलिक आहेत ही विशेष सोय झाली.

आपला नम्र,
लायमन थर्बर


नॉवू
२ फेब्रुवारी १८८६

चि. सौ. लोव्हिना हिस,
फिलिंडाचे आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पोचली. कॉफीनंतर बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. नंतर म्हणाले, लोव्हिना लहानपणीही शहाणीच होती.

तुझ्या बिशपसाहेबांना वेगळं उत्तर लिहायला घेतलं होतं, पण कागदावर जे उतरलं ते टपालाने पाठवण्याजोगं नव्हतं. तुलाच दोन गोष्टी सांगते. बाबा बाहेर आहेत म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे, हे मला पटलं. तुम्हाला त्यांचा शब्द हवा आहे आणि माणूस नको आहे, एवढं सरळ लिहायला चार परिच्छेद कशाला लागले ते मात्र पटलं नाही.

दुसरी गोष्ट आईची. छप्पन्न साल. म्हणजे तीस वर्षं आमचे बाबा दुसऱ्याच्या बायकोसाठी विधुरासारखे राहिले. बेकरीवाल्या हॉफमनची विधवा दोनदा निरोप पाठवत होती. चांगली बाई होती, पाव तर काय सुरेख करायची. बाबा म्हणाले, माझी केझाया पश्चिमेला आहे. माझं लग्न झालेलं आहे. तू हे सगळं ऐकत होतीस, पत्रांत वाचत होतीस, आणि गप्प राहिलीस.

बाबांचा कफ वाढला आहे. त्यांनी माळ्यावरची पेटी काढायला लावली. कडी गंजली आहे म्हणाले.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायची घाई नको,
फिलिंडा


लोगन
१४ मार्च १८८६

ताई,

नमस्कार. हे आज घरी नाहीत, म्हणून मनासारखं लिहिते. हे पत्र वाचून जाळ.

बाबा रागावले का? तुझ्या पत्रावरून कळत नाही. शहाणी म्हणाले म्हणून लिहिलंस, ते कसल्या सुरात म्हणाले ते लिहिलं नाहीस.

छताचं मी खोटं लिहिलं. छत गळत नाही. खरं कारण हल्दा. बाबांनी ज्याच्यापायी मंडळी सोडली, आई गमावली, तेच माझ्या घरासमोर राहतं. सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघाला की मला कळतं हे कुठे उठले. हल्दा वाईट नाही, माझ्या बाळंतपणात तिने माझं केलं. पण बाबा आले असते, त्यांना दिसलं नसतं तरी दोन दारांचे आवाज ऐकू आले असते, आणि त्यांनी मला विचारलं असतं, सुखी आहेस का? ते विचारतात ते सरळ विचारतात. ताई, मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. ह्यांनी साक्षीचं कारण काढलं तेव्हा मला बरंच वाटलं. हे मी देवापुढेही कबूल केलेलं नाही.

आईचंही सांगते. ती कॉबांच्या घरी एक दिवसही राहिली नाही, ते लग्न फक्त पलीकडच्या जगापुरतं होतं. वरच्यांनी सांगितलं, नवऱ्याशिवाय वर जाता येत नाही, आणि तुझ्या नवऱ्याला वर जागा नाही. ती तो विधी उरकून आली आणि तिने दिवसभर भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. कर्टलंडच्या गिलाव्याला चकाकी यावी म्हणून बायकांनी चिनीमातीची भांडी फोडून दिली होती, त्यात आपल्या माहेरच्या बश्याही गेल्या, हे ती नेहमी सांगायची. त्या दिवशी म्हणाली, तुझ्या बाबांनी माझ्या बश्या त्या भिंतीत घातल्या, मीही तिथेच राहिले असते तर बरं झालं असतं.

बाबांना हे सांगू नकोस. किंवा सांग. तू ठरव.

माझ्यावर थोडा तरी लोभ असेल तर लगेच लिही, बाबा काय म्हणतात.
लोव्हिना


लोगन
२० एप्रिल १८८६

तीर्थरूप ताईस सा. न. वि. वि.

तुझी तार मिळाली. बाबा गेले, एवढेच शब्द. माझ्या मार्चच्या पत्राला तू उत्तर दिलं नव्हतंस, म्हणून रोज टपालाची वाट बघत होते, आणि आली ती तार. दोन दिवस मी चुलीपाशी बसून होते. हल्दाने स्वयंपाक केला.

हे घरी आले आहेत आणि माझ्याशेजारी बसून सांगताहेत, तसं पुढचं लिहिते.

एक म्हणजे, बाबांच्या अखेरच्या क्षणी तूच एकटी जवळ असशील. पाद्रीबुवा नक्कीच पसरवतील की म्हाताऱ्याने मरताना सगळं नाकारलं. तर बाबा शेवटी काय म्हणाले, ते तू सही करून लिहून दे. ह्यांचं म्हणणं, तू लहानपणीच मंडळीतून बाहेर पडलेली, आमच्यावर तुझा राग जगजाहीर, म्हणून तुझ्या शब्दाइतकं वजन दुसऱ्या कुणाच्याच शब्दाला येणार नाही. पुस्तिका छपाईला जायची आहे.

दुसरं चांगलं आहे, ताई. आता बाबांना मंडळीत घेता येईल. वरून परवानगी मिळेल असं हे म्हणतात, आता अडचण नाही. आमच्या इथल्या मंदिरात मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस पाण्यात उतरतो. बाबांसाठी आमोन उतरेल. फक्त बाबांची जन्मतारीख आणि जन्मगाव हवं. मला आठवत नाही, तुला माहीत आहे. लवकर कळव.

बाबा माझ्याविषयी काही म्हणाले का?

तुझी,
लोव्हिना


नॉवू
१० मे १८८६

लोव्हिना,

आशीर्वाद आहेतच. ते मोठ्या बहिणीला परत घेता येत नाहीत.

तुझ्या नवऱ्याला माझी साक्ष हवी आहे. देते. पण छापायची तर सगळी छापा, मधलं एकही वाक्य गाळायचं नाही. गाळलंत तर मी ती पाद्रीबुवांना देईन, ते आनंदाने सबंध छापतील.

मी, फिलिंडा बाउमर्ट, अल्फियस पेनिमन यांची थोरली मुलगी, तुमच्या मंडळीतली नाही आणि कुणाच्याच मंडळीतली नाही. माझ्या वडिलांनी मरणाच्या आदल्या दिवशी पाद्रीबुवांच्या देखत सांगितलं, की मी त्याला पाहिलं आणि पायरीवर पाऊल उमटलं नाही, मी थापी घेऊन वाकून बघितलं. पाद्रीबुवांनी पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, तुम्ही मला दमवताय. एवढं तुमच्या कामाचं. तुझ्या नवऱ्याला सांग, आनंद करा.

आता उरलेलं. जानेवारीत बाबांच्या नावे आलेलं तुझ्या नवऱ्याचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. मी कागद समोर धरला आणि तुझं पत्र म्हणून दुसरंच वाचलं. वाचलं, की पूज्य बाबा, तुम्ही अवश्य या. खालची खोली उबदार आहे, तुमच्यासाठी सारवून ठेवली आहे. आईच्या शेजारी जागा राखली आहे. बोट सुरू झाली की निघा. तुमची लेक, लोव्हिना. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं तेव्हा मला धडकी भरली, की शब्द बदलतील. बदलले नाहीत. मग म्हणाले, लोव्हिना लहानपणीही शहाणीच होती. कसल्या सुरात, असं विचारलं होतंस ना. या सुरात.

मार्चचं तुझं पत्रही मी असंच वाचलं. त्यात तू आमोनच्या लग्नाला बाबांनी आशीर्वाद द्यायला यावं असं म्हणालीस. वाचलेलं पत्र मी जाळलं, तुझ्या सांगण्यावरून. तुझ्यावरचा माझा राग त्या पत्राने बराच गेला. सगळा गेलेला नाही.

त्यानंतर बाबा वेगळेच झाले. पेटीला नवी कडी बसवून घेतली. तुझ्याकडे नेण्यासाठी आपली थापी घासून पेटीत ठेवली, छत थोडं गळतं एवढं मी तुझ्या पत्रातलं वाचलं होतं, ते दुरुस्त करून देईन म्हणाले. डोळे नाहीत पण हात आहेत म्हणाले. शेजारच्या जर्मनांना हाक मारून सांगत होते, की माझी धाकटी मला नेते आहे. ज्या माणसाने जन्मात खोटं सांगितलं नाही, तो सगळ्या गावाला माझं खोटं खरं म्हणून सांगत होता, आणि सगळं गाव विश्वास ठेवत होतं, कारण म्हातारा कधी खोटं बोलत नाही.

एप्रिलात बर्फ फुटलं आणि बोटीची पहिली शिट्टी झाली. बाबांना ताप होता, उठवत नव्हतं. आपली बोट का, विचारलं. मी हो म्हटलं. खिडकीशी न्यायला सांगितलं, मी खांद्याला धरून नेलं. त्यांना तिथून काही दिसण्यासारखं नव्हतं. शिट्टीच्या बाजूला तोंड केलं, आणि लोव्हिना, त्यांनी हात वर केला आणि हलवला. बोट वळणाआड गेली तरी हलवत होते. मी म्हटलं, बाबा, पुरे. ते म्हणाले, ती लहान आहे, तिला दिसेपर्यंत हलवायला हवा. त्यानंतर पलंगावर आणलं, ते बोलले नाहीत. दुपारी गेले.

तुझ्याविषयी काही म्हणाले का, हे याचं उत्तर.

त्यांना मी द्राक्षमळ्याच्या वरच्या अंगाला ठेवलं, योआखिमच्या शेजारी. तिथून नदी दिसते. पेटीतली थापी सोबत दिली. जन्मतारीख मला माहीत आहे आणि मी ती देणार नाही. जिवंतपणी ते स्वतः तुमच्या गार पाण्यात उतरायला तयार होते, कफ असताना. तुमच्या आमोनला आता ओलं व्हायचं काही कारण नाही.

झाली माझी साक्ष. तुझ्या नवऱ्याच्या हिशेबाने ती खरीच धरावी लागेल, कारण मी बाहेरची आहे, तुमच्यावर रागावलेली आहे आणि मला यातून काही मिळायचं नाही. पण छापण्याआधी त्याला स्वतःला एवढं विचारायला सांग, की जी बाई कोऱ्या चेहऱ्याने स्वतःच्या आंधळ्या बापाला खोटं पत्र वाचून दाखवते, आणि तेही दोनदा, तिच्या शब्दावर कितपत भरवसा ठेवायचा. मला स्वतःला त्याचं उत्तर माहीत नाही. ते खोटं मी तुझ्या नावाने बोलले, तेव्हा त्यातलं अर्धं तुझं आहे. सांभाळून ठेव. बाबांनी तुझ्यावर विश्वास ठेवला तो त्याच्याच जोरावर.

पुन्हा लिहायचं असेल तर स्वतःच्या मनाने लिही, आणि शेजारी कुणी बसलेलं नसताना.

तुझी बहीण,
फिलिंडा